घटसर्पानंतरचा आवाज

आये, मी डॉक्टर झालेलं तू पाहिलंस, पण त्या उन्हाळ्याविषयी आपण दोघी कधी बोललो नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून आज बोलते.

लढाई चालू होती. बा पलटणीत, आणि कवठे महांकाळजवळच्या घरात आपण तिघीच. घटसर्पानं आधी आक्काला धरलं, मग मला. मान सुजली, घशात पांढरट कातडं धरलं. आक्का गुदमरून गेली, मी वाचले. घसा बरा होऊन मी भाकरी कुस्करून खायला लागले आणि एके दिवशी प्यालेलं ताक नाकातून परत आलं. घाबरून मी 'आये' म्हणून हाक मारली. तू चुलीपुढं होतीस. वळलीस ती माझ्याकडं नाही, आक्काच्या रिकाम्या अंथरुणाकडं. आवाज माझा नव्हताच. नाकातून येणारा, पोकळ, आक्काचा शेवटच्या दिवसांतला.

मग मला जवळचं दिसेना. ताटातली भाकरी धुरकट, अंगणापलीकडची लिंबाची पानं मात्र स्वच्छ. मी तुझ्या तोंडाकडं बघायचे आणि तुला वाटायचं, तुझ्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे. शेजारची म्हातारी म्हणाली, "थोरली आलीया हिच्यात. उभी करा, घुमू द्या." देवऋषी बोलावला. तो मला दंडाला धरून उठवतोय, तेवढ्यात चुलते सांगलीच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर उंबऱ्यातूनच ओरडले, "तिला खाली निजवा!"

त्यांनी चमच्यानं माझी जीभ दाबून 'आ' म्हणायला लावलं. मनगट बराच वेळ धरून बसले. मग विचारलं, "घरात आणखी कुणाचा घसा धरला होता?"

"थोरली त्यानंच गेली," तू म्हणालीस.

"तेच विष हिच्या नसांत उतरलंय. टाळू लुळी पडलीय, म्हणून आवाज असा. तो सुधारेल. पण काळजालाही लागलंय. ही नुसती उठून बसली तरी हातची जाईल."

देवऋषी हळूच म्हणाला, "बाई, थोरलीला माघारी धाडताय व्हय?"

तू माझ्या अंथरुणापुढं येऊन उभी राहिलीस. मग म्हणालीस, "जावा तुमी. पोरीला कुनी हात लावायचा न्हाई."

डॉक्टरांनी खाट पायाकडून विटांवर उचलली, उशी काढली, नळीनं पेज घालायला तुला शिकवलं. आठवडेच्या आठवडे तू मला कूससुद्धा स्वतःहून बदलू दिली नाहीस. नाडी ठिकाणावर आली. आवाजही सुटायला लागला. तेव्हा एका संध्याकाळी तू दार लोटून माझ्या कानाशी वाकलीस.

"आक्के, हायस का गं अजून?"

"हाय. पानी दिलं न्हाईस म्हनून राग न्हाई, आये."

उत्तर माझ्याच तोंडून आलं, त्याच पोकळ आवाजात. तू पदर तोंडात कोंबलास. सकाळी मी तुला हाक मारली ती माझ्या आवाजात, आणि तू मला पोटाशी धरून रडलीस, ते माझ्यासाठी की तिच्यासाठी, मला कळलं नाही.

आता मी असल्या पोरांच्या आयांना समजावते, हे नसांचं दुखणं आहे, आवाज परत येतो. खरंच येतो. आक्कानं पाणी मागितलं आणि तिला ठसका लागेल या भीतीनं तू दिलं नाहीस, हे मी शेजारी तापात पडल्या पडल्या ऐकलं असणार. डॉक्टर म्हणून मी स्वतःला तसंच सांगते. पण आये, 'राग न्हाई' हे त्या संध्याकाळी बोलल्याचं मला आठवत नाही. ऐकल्याचं तेवढं आठवतं.