तोरमोडचे एकसष्ट गोल

स्कार्वॉय,
९ मार्च १९९१

ती. इंग्वाल्डदादास,
आस्लाउगचा सा. न. वि. वि.

आपल्या क्लबला यंदा सत्तर वर्षं होताहेत आणि इतिहासाचं पुस्तक माझ्या गळ्यात पडलंय. निवृत्त मास्तरणीला दुसरा काय उद्योग, असं समितीला वाटलं असणार. आताच्या पोरांना खेळायचा पगार मिळतो. तुम्ही कॉड मासे वाळवायच्या दांड्यांखाली खडीवर गुडघे फोडून घेत होता, हे त्यांना खरंच वाटत नाही. दक्षिण नॉर्वेवाल्यांनी आपल्या उत्तरेच्या क्लबांना राष्ट्रीय चषकात घेतलं ते त्रेसष्ट साली, तेही एका प्रकरणात लिहून झालं.

तुझं पान झोकात आलंय. बेचाळीस साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांच्या माणसांनी भरवलेल्या सामन्यावर गावानं बहिष्कार टाकला, तेव्हा तू बूट खुंटीला टांगून ठाम नकार दिलास, असं छापतोय. फोटोत तुझ्या डोक्यावर केस आहेत, म्हणून खाली नाव ठळक घालावं लागलं. नाहीतर ओळखणार कोण?

अडचण तोरमोड नेसची आहे. तो सामना तो खेळला, म्हणून समिती त्याचं नावच गाळतेय. क्लबसाठी एकसष्ट गोल, आणि पुस्तकात एक ओळ नाही! समितीतला सिगवार्ट म्हणतो की ते नाव असलेलं पुस्तक त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. त्याचा भाऊ बहिष्कारापायी पकडला गेला आणि जर्मनांच्या छावणीतून परत आला नाही. त्याच्यापुढे मी काय बोलू? तुला त्या दिवसाचं आठवतं ते कळव.

खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांचं ऐक. माया आहेच, ती वाढवत राहा.

तुझी,
आस्लाउग


बर्गन,
१८ मार्च १९९१

चि. आस्लाउग हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे पाऊस आहे, आणि हे बर्गनवाले त्याचाही अभिमान बाळगतात.

आता हसू नकोस. ठाम नकार वगैरे काही नव्हतं. मला गालगुंड झालं होतं. तू तेव्हा ट्रॉम्सोला मावशीकडे होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. दोन्ही गाल भोपळ्यासारखे सुजलेले, आणि आईनं तिची लोकरी शाल माझ्या जबड्याला बांधलेली. आदल्याच दिवशी तोरमोड खिडकीखाली येऊन विचारून गेला होता की आपण खेळायचं का. दोन वर्षं चेंडूला पाय लागला नव्हता गं. मी खेळू या म्हणालो. तो गेला, आणि मला रात्रीत ताप भरला.

पुढे बाबांनी पाद्रीबुवांना सांगितलं की पोरानं बाणेदारपणे नकार दिला. मी गप्प बसलो. तोरमोडनं आजवर कुणाला एक शब्द सांगितला नाही. पंचेचाळीस साली त्याला क्लबातून काढलं तेव्हा मी त्याच खोलीत होतो. काढा म्हणून हात वर करणाऱ्यांत होतो.

माझं पान खोडून हे छाप. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. सिगवार्टला आधी वाचून दाखव, त्याचा तो हक्क आहे.

भावावरचा लोभ या पत्रानंतर उरला, तर तेवढा पुरे.

तुझा,
इंग्वाल्ड


स्कार्वॉय,
१० जून १९९१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लोभ उरलाय, पण तू गावात आता गालगुंडवाला इंग्वाल्ड झालास. वॉफल विकणारी बाईसुद्धा तुझ्या गालांची चौकशी करते.

सिगवार्टला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला की तुझं तोंड सुजलं होतं ते ठीक, पण पुढे एकोणपन्नास वर्षं ते उघडायला काय झालं होतं? शेवटी तो म्हणाला की दोघांचंही जसं घडलं तसं छापा, फक्त त्या सामन्यातले दोन गोल मोजू नका. मी हे तोरमोडला कळवलं. तो म्हणतो ते एकसष्टात कधी धरलेच नव्हते, समोरचा गोलकीपर भलताच कच्चा होता. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाला की पत्र लिहायला तुला पाय लुळा व्हावा लागला.

परवा वर्धापनदिनाच्या सामन्याला तोरमोड आला, शेहेचाळीस वर्षांनी. कुंपणाशीच उभा राहिला. जुन्या सभासदांच्या बाकावर सिगवार्टनं शेजारच्या जागेवर आपला कोट ठेवला होता. त्यानं वळून पाहिलं नाही, हात पुढे केला नाही. फक्त कोट उचलून मांडीवर घेतला. तोरमोड येऊन बसला.

दोघं सबंध सामना एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी आपल्या गोलकीपरनं हातातला चेंडू सोडला, तेव्हा मात्र दोघांच्या तोंडून एकदम एकच शिवी निघाली. ती मास्तरणीला लिहिता येत नाही, पण तुला ठाऊक आहे.

चालायला लागलास की ये. त्या बाकावर तिसऱ्याची जागा आहे.

तुझीच,
आस्लाउग