खटकामामांचे दार आणि माझा हात

१२ फेब्रुवारी २०१९. हे कागद तीन वर्षे रखडवले, त्याबद्दल वकीलबाईंची माफी मागते.

मी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, नभोनाट्य विभागातील निर्माती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आहे, पण ते माझे मलाच. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती जागा आणि बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीला. "तुझ्या टेपा मी कुणाच्या उरावर ठेवू?" असे तिने आत्ताच विचारून घेतले आहे. त्या विभागाला द्याव्यात.

२. नभोनाट्यातील नेहमीच्या संज्ञांची माझी वही भाचीला. विभागाने तीच वही विभागप्रमुख साहेबांच्या नावावर छापली. आभारांत मी 'टंकलेखन साहाय्य' आहे. शब्द सगळ्यांचेच असतात, हे मला पटते. राग मात्र जात नाही.

३. ध्वनिपरिणामांची लाकडी चौकट, म्हणजे गुडघ्याएवढे दार, तीन कड्या आणि एक कुलूप, आमचे ध्वनिपरिणामकार खटकामामा यांना. ती त्यांनीच बनवलेली. बारा वर्षांपूर्वी थेट प्रसारणात नायिकेचे वाक्य अर्धे असतानाच त्यांनी नवऱ्याच्या येण्याचे दार वाजवले. सगळे नाटक तिथेच कोसळले. मी अहवालात लिहिले, 'ध्वनिपरिणामकाराचा हलगर्जीपणा.' त्यांची रवानगी टेपांच्या कोठारात झाली. नंतर चौकट द्यायला गेले तर म्हणाले, "ठेवा तुमच्याकडेच, बाई. आमचं दार जरा लवकर उघडतं."

४. माझ्या वहीत, पान सात: 'क्यू. दिग्दर्शकाचा हात वरून खाली येणे. आला की आवाज द्यावा, कारण विचारू नये.' त्या दिवशी दिग्दर्शन माझेच होते; चष्मा घसरला, तो सावरायला मी वर धरलेला हात खाली आणला. मामांनी नियम पाळला. चूक माझी होती आणि ती मला त्याच क्षणी कळली होती. माझ्या पश्चात हे कलम विभागप्रमुखांना वाचून दाखवावे.

एवढे वकीलबाईंना फोनवर वाचून दाखवले.

"मामा निवृत्त कधी होतायत?"

"सात आठवड्यांनी."

"आणि तुम्ही मरणार कधी, ताई? काही ठरलंय का?"

मी फोन ठेवून पेन उचलले.

कलम चार रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे.

साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्यबाई (सही), वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल (सही). दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
स्थळ: माझे जेवणाचे टेबल. तारीख वरचीच.

उद्या: मामांना सोबत घेऊन विभागप्रमुखांकडे जाणे आणि तो अहवाल माझ्या हाताने दुरुस्त करणे.