न मागितलेल्या निवृत्तीबाबत

दिनांक: १९ जून

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
आस्थापना शाखा,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: धुलाई विभागातील माझ्या सेवानिवृत्तीचा आदेश रद्द करून मला रोलर क्रमांक दोनवर परत घेण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या शाखेचा दिनांक २ जूनचा आदेश.

महोदय,

आपण या पदावर नुकतेच रुजू झाला आहात. माझी फाइल आपल्यापर्यंत येईतो तिच्यात काय राहिले आणि काय गळाले हे मला ठाऊक नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते. अर्ज लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. मी या रुग्णालयाच्या धुलाई विभागात एकवीस वर्षे काम केले. वय एकोणपन्नास. काम इस्त्रीच्या रोलरवर. धुतलेली ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि तापलेल्या रोलरखाली सरळ सोडायची. एकीचा हात जरा मागेपुढे झाला की चादर तिरकी जाते व गुंडाळून बसते. माझ्या समोरच्या टोकाला चौदा वर्षे एकच जोडीदारीण होती. आम्हाला एकमेकींकडे बघावेसुद्धा लागत नसे. माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही, हे सेवापुस्तकावरून दिसेल.

२. दीड वर्षापूर्वी मला त्रास सुरू झाला. पाळी कधी दोन-दोन महिने येत नाही, तर कधी आली की पंधरा दिवस थांबत नाही. छातीतून जाळ उठून डोक्यापर्यंत जातो, अंग घामाने निथळते आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते. रोलरसमोर आधीच भट्टी, त्यात ही आतली. झोप लागत नाही. साधे शब्द आठवत नाहीत. एकदा मी शस्त्रक्रियागृहाच्या हिरव्या चादरी बाळंतिणींच्या कक्षाच्या गठ्ठ्यात बांधल्या. कोणाच्या लक्षात येण्याआधी मीच मुकादमांना जाऊन सांगितले, कारण चूक माझी होती. घरी मालक म्हणाले, "तुझ्याशी बोलायचीच धास्ती वाटते हल्ली." सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला नव्हतं बाई असलं काही."

३. रोलरमागची खिडकी रंगाने चिकटून बंद झालेली आहे. ती उघडून मिळावी आणि स्वच्छतागृहात जाण्यासाठी मध्येच दहा मिनिटे सुट्टी मिळावी, एवढाच माझा पहिला अर्ज होता. कारण मी सरळ लिहिले होते: पाळी जाण्याच्या वयातला त्रास. मुकादम भले गृहस्थ आहेत. वाचून ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "बाई, हा कागद साहेबांच्या टेबलावर जाणार. पाळीबिळी असं लिहितात का? जरा शुद्ध लिहा." म्हणून दुसऱ्या अर्जात मी 'स्त्रीविषयक अडचणीमुळे' असे लिहिले. चार महिन्यांनी तो परत आला. वर लाल शाईने शेरा होता, 'अडचणीचे स्वरूप स्पष्ट करावे.'

४. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने तिच्या पुस्तकातून शब्द काढून दिला. 'रजोनिवृत्ती.' म्हणाली, "आई, हा लिही. याला कोणी नाव ठेवू शकत नाही." सोबत दाखला असावा म्हणून मी आपल्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील स्त्रीरोग विभागात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला खुर्ची दिली आणि सगळे विचारले. इतके आजवर मला कोणीच विचारले नव्हते. रक्त तपासले. अंगात रक्त निम्म्यावर आले आहे, म्हणाल्या. "हे सोसत बसायचं दुखणं नाही, यावर उपचार आहेत. पण दर पंधरा दिवसांनी यावं लागेल." त्यांची तपासणीची वेळ आणि माझी पाळी, म्हणजे कामाची, एकच होती. तरी त्यांनी दाखला दिला: 'रजोनिवृत्तीच्या काळातील त्रास. उष्णतेजवळचे काम शक्यतो टाळावे.' तो हातात घेऊन मी जिना उतरले, तेव्हा दीड वर्षात पहिल्यांदा मला हलके वाटले.

५. तिसऱ्या अर्जाचा विषय होता, 'रजोनिवृत्तीमुळे कामाच्या जागी सोय मिळण्याबाबत.' आपल्या शाखेत तो शब्द 'रजा व निवृत्ती' असा वाचला गेला. दाखल्यात उष्णतेजवळचे काम टाळा असे होते, आणि धुलाई विभागात माझ्या हुद्द्याला दुसरे काम नाही. दोन्ही कागद एकमेकांना पक्के जुळले. 'अर्जदाराच्या विनंतीनुसार प्रकृतीच्या कारणास्तव सेवानिवृत्ती मंजूर', असा आदेश मला रोलरवर उभी असताना मिळाला. खिडकीसाठी अकरा महिने लागले आणि ती उघडली नाही. निवृत्ती नऊ दिवसांत आली.

६. मी त्याच दिवशी आपल्या शाखेत गेले. कारकुनांनी तो शब्द दोनदा वाचला आणि विचारले, "मग याचा अर्थ काय?" माझ्यामागे रांगेत चार पुरुष उभे होते. मी मोठ्याने सांगितले. कारकुनांनी मान खाली घातली. म्हणाले, "आधीच साध्या भाषेत लिहायचं ना, बाई." मग म्हणाले, आता आदेश फिरवायचा तर कसलाही त्रास नसल्याचा दाखला आणा.

७. तिसऱ्या मजल्यावरील डॉक्टरबाईंनी तसे लिहून देण्यास नकार दिला. "मी खोटं कसं लिहू? तुम्ही जिना चढून आलात तर धाप लागलीय तुम्हाला." त्यांनी आपल्या शाखेला स्वतः पत्र लिहिले. ते फाइलला लावले आहे, एवढेच मला कळले. तळमजल्यावरच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी मात्र मान वर न करता दोन मिनिटांत तसा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

८. मालकांची नजर अधू झाल्यापासून त्यांचे शिवणकाम बंद आहे, घर माझ्यावरच चालते. आदेश आला त्या दिवशी सासूबाई संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण झालं होतं. न्हाणीघरात जाऊन रडायचे मी. सांगणार कुणाला?" हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, पण मला वगळवत नाही.

९. सबब विनंती की, माझे तिन्ही अर्ज मी मागे घेत आहे. खिडकी नको. दहा मिनिटांची सुट्टी नको. मला कसलाही त्रास नाही आणि पूर्वीही नव्हता, असे समजण्यात यावे. माझ्या म्हणण्यात चूक झाली असल्यास ती माझ्या अज्ञानामुळे झाली, असे लिहून घेण्यास माझी हरकत नाही. फक्त मला रोलर क्रमांक दोनवर उभे राहू द्यावे.

१०. काल हजेरीच्या वेळी मी विभागाच्या दारापर्यंत गेले होते. आत सोडले नाही. माझ्या जागी नवीन बाई आहेत, चादरी सारख्या अडकत होत्या. माझी जोडीदारीण बाहेर आली. ती शेहेचाळीस वर्षांची आहे. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पदराने मान पुसून पदर ओला झाला होता. दोन महिन्यांपासून सुरू आहे म्हणाली. तिने मला विचारले, "ताई, अर्जात नेमका कोणता शब्द घालू?"

मी तिला सांगितले, अर्ज करू नकोस.

आपली नम्र व कामास तयार असलेली,

(सही)
धुलाई कामगार, हजेरी क्रमांक ११७