मागच्या भिंतीतल्या सहा विटा

मोहाली, १२ नोव्हेंबर

प्रिय सुमन,

रोज संध्याकाळी फोनवर बोलणारा माणूस पत्र कशाला लिहितोय, म्हणून तू पाकीट उलटसुलट करून बघशील. फोनवर जमलं नाही म्हणून लिहितोय. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा नातीच्या, अवनीच्या, खोकल्याची हकीकत सांगून फोन ठेवला.

इथून जवळच, सेक्टर तेवीसमधला आपला सरकारी क्वार्टर अजून उभा आहे. तुला त्या गावाचं नावही नको असतं, तरी आज वाच. त्या ओळीतली घरं पाडायची की राखायची याचा विचार चालू आहे, म्हणून क्षितिजा नावाची नागपूरकडची एक मुलगी, आर्किटेक्चर शिकतेय इथे, घराचा इतिहास लिहिते आहे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिने जुन्या रहिवाशांना हाक दिली आणि आपल्या लेकीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. छप्पन सालापासून अकरा कुटुंबं राहून गेली म्हणे. एकाने मागच्या अंगणात म्हैस बांधली होती आणि तक्रार झाल्यावर ती पाहुणी आली आहे असं लिहून दिलं होतं! आपण सातवे. पुढच्या विटांच्या जाळीत चिमण्यांनी घरटी करू नयेत म्हणून तू जुन्या साड्यांचे बोळे कोंबायचीस, त्यातली एक हिरवी चिंधी अजून तिथे आहे. निदान मला तरी ती तुझीच वाटली.

मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. क्षितिजा भिंतीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, या सहा विटा नंतर भरल्यात. आणि ज्याने भरल्या त्याला गवंडीकामातलं ओ की ठो कळत नव्हतं." मी टेपचं दुसरं टोक धरून उभा. "तुम्हाला काही आठवतं?" मी म्हटलं, नाही. तिने वहीत लिहिलं: भरणारा अज्ञात.

तुला मात्र सगळं आठवत असणार. भिंतीपलीकडे तृप्ताभाभी आणि नरेशजी. सैल झालेली पहिली वीट भाभींनी बत्त्याने ठोकून काढली, बाकीच्या तुम्ही दोघींनी मिळून. तिथून थालीपीठ जायचं, सरसोंचं साग यायचं, दुपारभर तुमच्या गप्पा. तुझं हिंदी त्या भोकातच सुधारलं. कढीपत्त्याचं रोप तू तिथूनच दिलंस आणि काळ्या गाजराची आंबवलेली कांजी तिथूनच शिकलीस. मिरजेत काळी गाजरं मिळत नाहीत, म्हणून अजूनही दर थंडीत लाल गाजरात बीट घालून बरणी उन्हात ठेवतेस. कोणी शिकवली ते मात्र कधी सांगत नाहीस. मी कधी विचारलं नाही, कारण विचारायची माझी छाती नव्हती.

आता लिहितोच. त्या विटा मी भरल्या. तू बाळंतपणाला मिरजेला गेली होतीस. मी दुसऱ्यांदा विभागीय परीक्षेत नापास झालो होतो. ते तू जाण्याआधी भाभींना सांगितलंस, त्यांनी नरेशजींना, आणि नरेशजींनी ऑफिसच्या भर कँटीनमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "कोई बात नहीं जी, अगली बार पक्का." भल्या माणसाने भलेपणानेच म्हटलं. मला मात्र वाटलं की आपल्या घरातलं सगळं त्या भोकातून बाहेर जातंय. रविवारी घमेलंभर सिमेंट आणलं. भाभी भोकापाशी येऊन बघतच राहिल्या. मी सांगितलं, "सुमन का चिट्ठी आया है, वो बोलती है, अब बच्चा आएगा, ये बंद करो." त्या आत गेल्या. तू तीन महिन्यांची आश्लेषा घेऊन आलीस, भिंत बघून विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, त्यांनीच करून घेतलं, त्यांना आपला त्रास होत असेल. एका भिंतीच्या दोन बाजूंना मी दोन खोट्या गोष्टी सांगितल्या, सुमन.

त्यानंतर तू त्या भिंतीकडे पाठ करून भांडी घासायचीस. त्या परक्या गावात तुला ती एकच मैत्रीण होती आणि अंगावर पिणारं बाळ होतं. मला रोज दिसत होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता पाच महिन्यांनी बदली झाली. ट्रक निघाला तेव्हा भाभी दारात आल्या होत्या. तू मान वळवलीस आणि मी दोरी घट्ट बांधत राहिलो. लेकीने इथे घर केल्याला सहा वर्षं झाली, तू एकदाही आली नाहीस. गुडघे दुखतात म्हणतेस. त्याच गुडघ्यांनी गेल्या वर्षी नरसोबाच्या वाडीच्या पायऱ्या उतरलीस.

शेजारच्या घराचीही माहिती हवी म्हणून क्षितिजाने भाभींचा पत्ता शोधून काढला. नरेशजी गेल्यापासून त्या मुलाकडे असतात, इथून जवळच्या खरड गावात, चौथ्या मजल्यावर. क्षितिजा रविवारी त्यांच्याकडे निघाली तेव्हा मला राहवलं नाही, मीही निघालो. बसमध्येच तिला खरं सांगितलं. तिने 'अज्ञात' खोडलं आणि माझं नाव लिहिलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

भाभी फार वाकल्यात, पण मला लगेच ओळखलं. बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता आहे, तुझ्याच रोपाचं पिल्लू. धुकं पडायला लागलं की त्या कुंडी आत घेतात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "सुमन को बताया?" मी नाही म्हणून मान हलवली. म्हणाल्या, "तो पहले उसको बताओ. चाय बाद में." पंजाबी घरातून चहाविना परत पाठवलेला माणूस तू पाहिला नसशील, आता माझ्याकडे बघ. मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "वो अब भी कांजी डालती है?" मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. त्या माझ्याकडे न बघता कढीपत्त्याची पिवळी पानं खुडत बसल्या.

म्हणून हे पत्र. माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, तरी मागतो. अडतीस वर्षं मी तुझी मैत्रीण विटांनी बुजवून ठेवली. ती परत देणं माझ्या हातात नाही, तिचा नंबर तेवढा खाली लिहिलाय. पत्र वाचलंस की मला फोन करू नकोस. शिव्या नंतर घाल, अबोला धर, मी मिरजेला आलो की दार उघडू नकोस. आधी तिला फोन कर. क्षितिजा सांगते, दुपारी दोननंतर ती बाल्कनीत असते, फोन जवळ ठेवूनच.

तुझाच,
श्यामसुंदर