लाल दोऱ्याचं पातेलं

मी, भानुदास गंगाराम घवाळी, वय ६७, धंदा स्वयंपाक, मूळचा देवरुखचा, हल्ली मुक्काम मुलाकडे, दुबई सिलिकॉन ओएसिस, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. यकृत कामातून गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टर उन्हाळ्यापुढचं बोलत नाहीत.

कलम १. देवरुखचं घर व मागचं परस मुलगा सत्यजित यास. चुलतभाऊ बाळकृष्ण याने माझा फणस मला न विचारता तोडला. त्याच्याशी भांडण्याचा हक्कही मी सत्यजितलाच देतो.

कलम २. बँकेतली शिल्लक नातू अंश याच्या शिक्षणासाठी. तो इंग्रजीत विचारतो, मी मराठीत उत्तर देतो, तरी आमचं छान जमतं.

कलम ३. माझ्या सगळ्या सुऱ्या सून शर्वाणी हिला. सोबत एक कृतीही, कारण तिने दोनदा मागितली आणि मी दोन्ही वेळा टाळली. जबल अलीचे जर्मन इंजिनिअर श्मिट साहेब दर शुक्रवारी माझ्याकडून डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी करून घेत. मांस खांद्याचं घ्यावं, मोठे तुकडे तुपावर लाल परतावेत. त्याच तुपात कांदा. कोबी एकदाच पाण्यातून काढून पिळावा. दोनदा धुतला की आंबटपणा जातो आणि मग उरतो नुसता पाला. एक सफरचंद, तमालपत्र, थोडे मिरे. अर्धा पेला पाणी, घट्ट झाकण, मंद आच, दोन तास. मधे उघडून बघू नये. मीठ शेवटी, कारण कोबी आधीच खारट असतो.

कलम ४. हे सगळं मी ज्या खोलीत शिजवलं, ती माझी आणि मुनीर होडेकरची होती. मुनीर रत्नागिरीचा, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. सतरा वर्षं आम्ही एकत्र राहिलो, चूल एकच. पहिल्यांदा हे मांस आणलं तेव्हा मी दारातच थांबलो होतो. तो म्हणाला, "तुझी रोजी आहे, भानू. कर. फक्त पातेलं वेगळं ठेव." जाड बुडाची दोन सारखी पातेली आम्ही एकाच दुकानातून घेतली होती. माझ्या पातेल्याच्या कडीला लाल दोरा बांधला.

२०१० च्या ईदला मुनीरची आई हव्वाबी गावाहून आली होती. आदल्या दिवशी मी दोन्ही पातेली घासली, कुजलेला दोरा काढला, नवा बांधला. ईदचं मटण बिनदोऱ्याच्या पातेल्यात झालं. हव्वाबींनी मला आपल्या हाताने वाढलं. जेवणानंतर मटणाचं पातेलं घासताना काठाचा पोचा हाताला लागला. पोचा माझ्या पातेल्याला होता. दोरा मी चुकीच्या पातेल्याला बांधला होता.

मी बोललो नाही. मित्र जाईल, याची भीती वाटली. २०१९ मध्ये, हव्वाबी गेल्यावर, सांगून टाकलं.  मुनीर म्हणाला, "चुकून झालं त्याचा गुनाह नाही. पण तू नऊ वर्षं गप्प बसलास. माझ्या अम्मीसमोर, ती आली की रोज बसलास, जेवलास. खलास." त्याच महिन्यात तो अल ऐनला राहायला गेला. तेव्हापासून शब्द नाही. मला त्याची फार आठवण येते.

पोचा असलेलं पातेलं शर्वाणीला. दुसरं मुनीरचं आहे. सोबत न्यायचं त्याने टाळलं, म्हणून मी सांभाळलं. ते माझं नाही, म्हणून वाटणीत धरलेलं नाही.

कलम ५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी सांगितलं. बरंच झालं. मुनीरला मी काही देऊ शकत नाही, फक्त मागू शकतो. सत्यजित गाडी चालवेल, मुनीरचं पातेलं माझ्या मांडीवर असेल. सही मी मुनीरच्या समोर करीन. त्याने दार लावून घेतलं तर हा कागद बिनसहीचा राहील, आणि वाटणीचं कायद्याने जे व्हायचं ते होईल. त्याच्याऐवजी दुसरा साक्षीदार मी शोधणार नाही.

स्थळ: अल ऐन, मुनीर होडेकर यांचं घर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: भानुदास गंगाराम घवाळी (सही)

साक्षीदार:
१. जहांआरा मुनीर होडेकर, मुनीरची पत्नी (सही)
२. मुनीर इब्राहिम होडेकर (सही)
सगळं वाचलं. पातेलं ठेवून घेतलं. माफीचं अजून विचारू नकोस.