कैवाऱ्यांची कचेरी

प्रिय धाकट्या,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय, म्हणून हे पत्र. एक तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘हो हो, मजेत’ एवढंच म्हणतोस. मी काय विचारलं होतं याच्याशी त्या ‘मजेत’चा काडीचा संबंध नसतो. मागे मी तुला सांगितलं की तुझे भाऊजी जिन्यावरून घसरले, पायाला प्लास्टर घातलंय, तर तू म्हणालास, छान छान, त्यांना माझा नमस्कार सांग. सांगितला. प्लास्टर निघालं तरी त्यांचं हसू थांबलेलं नाही. पण मी हसण्यावारी किती नेऊ? फौजेतून परत आल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस, कुणाकडे येत नाहीस, शेजारी बेल वाजवून वाजवून परत जातात. मला तुझी फार काळजी वाटते. सरळच लिहिते, कारण आडून बोललेलं तुला लहानपणापासून कळत नाही. तर आता चहा करून घे, खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर घडी घालून ठेवलंस तर मी स्वतः येईन, आणि मी एकदा आले की लवकर हलत नाही हे तुला ठाऊक आहे.

आधी माझी बातमी. पाणीपुरवठा खात्यातून माझी बदली झाली. इतकी वर्षं लोकांच्या नळांच्या तक्रारी ऐकल्या, आता माणसांच्या ऐकायला बसवलंय. या नव्या कचेरीचं नाव ‘माजी सैनिक हितरक्षक कार्यालय’. आमचा शिपाई फोन उचलून ते पुरतं म्हणेपर्यंत पलीकडचा फोन ठेवून देतो, म्हणून लोकांनी आपलं ‘कैवाऱ्यांची कचेरी’ करून टाकलंय. ती निघाली त्याचीही गंमतच आहे. सभागृहात एक गृहस्थ उठून म्हणाले, सैनिकांसाठी पेन्शनची कचेरी आहे, इस्पितळ आहे, घरांचं खातं आहे, आता आणखी एक खोगीरभरती कशाला? ज्या बाईंनी हा ठराव आणला होता त्या म्हणाल्या, ती सगळी देणारी खाती आहेत, म्हणून तर एकमेकांकडे बोट दाखवतात. आम्हाला मागणारं खातं हवंय, सरकारचा पगार घेऊन सरकारशीच भांडणारं. सभागृह हसलं आणि हसता हसता ठराव मंजूर झाला. अट एवढीच की वर्षभर चालवून बघायचं, गरज दिसली नाही तर कुलूप लावायचं. तुझे भाऊजी म्हणाले, पगार घेऊन भांडायचं, ही जागा तुझ्यासाठीच निघालेली दिसते. मी म्हटलं, घरचा फुकटचा सराव कधी ना कधी कामाला यायचाच होता.

कचेरीसाठी जागा कुठे दिली असेल? तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. ज्यांचे पाय लढाईत गेले त्यांनी जिने चढून यायचं आणि वर येऊन सांगायचं की चालायला त्रास होतो. तरी लोक येत. कुबड्या घेऊन येत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून येत, धापा टाकत येत. आमचे मुख्य म्हणजे निवृत्त कर्नलसाहेब. मिशा अशा की पोरं घाबरावीत, आणि मन म्हणशील तर लोणी. ते भल्यामोठ्या टेबलामागे ताठ बसत, आणि माणूस आत आला की सवयीनं त्यांच्या तोंडून तोच खणखणीत प्रश्न बाहेर पडे, ‘काही तक्रार?’ झालं. माणसाच्या टाचा आपोआप जुळायच्या, छाती पुढे यायची आणि उत्तर यायचं, ‘नाही, साहेब!’ एकाचा लाकडी पाय प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. पायाची तक्रार होती, माणसाची नव्हती. तोही सलाम ठोकून तीन मजले उतरून गेला. अशी आमची कचेरी महिनोन् महिने चालली. आमच्याकडे एक तक्रार येईना. वरून विचारणा झाली की काय चाललंय, आणि त्या खोगीरभरतीवाल्या गृहस्थांना तर आयतंच कोलीत मिळालं. बघा, म्हणाले, कुणाला काही त्रासच नाही. कुलपाची तारीख जवळ येऊ लागली, तशी माझी झोप उडाली. तुझ्यासारखे किती असतील, घरात दार लावून ‘मजेत’ म्हणणारे, हेच सारखं डोक्यात यायचं.

मग एके दिवशी सकाळी मी जिना चढत होते, तर दोघे जण वरच्या पायरीवर दम खात बसलेले. मला वाट देत त्यातला एक हळूच म्हणाला, बाई, माझं काही नाही, पण ह्याला पाय दिलाय तो भलत्याच मापाचा, रोज रक्त येतं, तेवढं बघा. दुसरा उसळलाच. म्हणे, त्याचं काही ऐकू नका, तो स्वतः बिछान्यावर झोपत नाही, दाराशी जमिनीवर झोपतो, त्याचं आधी बघा. दोघांची अशी जुंपली की मला मध्ये पडावं लागलं. आणि वर साहेबांसमोर गेल्यावर? टाचा जुळल्या. नाही साहेब, नाही साहेब. ते गेल्यावर मी तशीच आत घुसले आणि कर्नलसाहेबांना जिन्यावरची कथा सांगितली. ते मिशीत हसले. म्हणाले, पलटणीत स्वतःची तक्रार करायची म्हणजे आपलं ओझं शेजारच्याच्या पाठीवर टाकायचं, ते कुणी करत नसे. पण शेजारच्याचा बूट फाटला असला तर अख्खी रांग ओरडायची. एवढं बोलून ते गुडघा चोळू लागले. मी विचारलं, गुडघ्याला काय झालंय? तर म्हणतात, काही नाही, जरा हा जिना रोज चढवत नाही. अरे देवा! कचेरीचा मुख्यच तिसऱ्या मजल्याचा त्रास मुकाट्यानं सोसत बसलेला! त्यांना म्हटलं, तुम्ही नाही ना तक्रार करत, मी करते तुमच्या वतीनं. आमच्या कचेरीची पहिली तक्रार ती. बांधकाम खात्याशी मी अशी भांडले की त्यांनी तळमजल्यावरची त्यांची स्वतःची खोली रिकामी करून दिली. शिपाई सांगत होता, मी गेल्यावर त्यांच्या साहेबांनी दोन ग्लास पाणी पिऊन घेतलं.

खाली आल्यावर मोठं टेबल काढून टाकलं. खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या आणि दारावर पाटी लावली, ‘सोबत्याला घेऊन या, आणि त्याच्याबद्दल सांगा.’ त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नकोस. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून ही म्हण आपण वाईट अर्थानं वापरतो, पण या लोकांनी तिचं पुण्यकर्म करून टाकलं. एकमेकांच्या इतक्या कागाळ्या केल्या की शाळेतली पोरं परवडली. हा औषध घेत नाही, ह्याला घर मिळालं ते गळतं, हा बायकोशी बोलत नाही. आणि स्वतःचं निघालं की मान खाली. इस्पितळाशी आमचं मोठं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, जखम झाली तेव्हाचे कागद दाखवा. अरे, जो तेव्हा डॉक्टरकडे गेलाच नाही त्याचे कागद कुठून येणार? शेवटी त्यांनी मान्य केलं की कागद नसतील तिथे त्याच तुकडीतल्या सोबत्यानं समोर येऊन काय पाहिलं ते सांगितलं तरी चालेल. वर्ष संपलं तेव्हा बाकावर बसायला जागा नव्हती. कुलपाची गोष्ट आता कुणी काढत नाही.

आणि मागच्या आठवड्यात कचेरीच्या दारात तुझा पलटणीतला लंबू येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी, पण उंचीवरून लगेच ओळखलं. तुझ्या पहिल्या सुट्टीत तू त्याला आपल्या घरी आणलं होतंस, आणि त्याचे पाय पलंगाबाहेर राहतात म्हणून आईनं पायथ्याशी स्टूल लावून दिलं होतं. त्याला बघून आधी आईच आठवली. तो एकटाच आला होता. म्हणाला, सोबत्याला आणू शकलो नाही, तो येणार नाही, पण सांगायचंय त्याच्याबद्दलच. त्याला हे ठाऊक नव्हतं की समोर बसलेली बाई तुझी बहीण आहे. मीही सांगितलं नाही, तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. त्यानं तुझं सगळं सांगितलं रे. वायरलेसच्या गाडीजवळ स्फोट झाला त्या दिवसापासून तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यात सतत शिट्टी वाजते. गर्दीत पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही, म्हणून न्हाव्याकडे जाणंसुद्धा सोडलंस. भाचीच्या लग्नात दारापर्यंत येऊन परत गेलास, तेव्हा मी तुझ्यावर किती चिडले होते. लंबू म्हणाला, आत बँड वाजत होता, आणि तू बाहेर फाटकाशी, तो थांबेल म्हणून वाट बघत उभा होतास. हातात भाचीसाठी आणलेला डबा तसाच होता. धाकट्या, तेवढं मला सांगितलं असतंस तर मी बँडवाल्यांची तोंडं बंद केली असती. तुझ्यापेक्षा मला बँड मोठा आहे का?

तुझ्या कानांबद्दल लंबूनं दिलेली साक्ष इस्पितळानं मान्य केली. आता फक्त तू येऊन कान तपासून घ्यायचेस. पण मी तुला ओळखते. स्वतःच्या कानांसाठी तू उंबरा ओलांडायचा नाहीस, आणि मी त्यासाठी तुला बोलावतही नाहीये. माझं खरं काम वेगळंच आहे. साक्ष झाल्यावर मी लंबूला चहा दिला, तर त्यानं कप शोधायला टेबलावरून हात फिरवला. निघताना कोपऱ्यात खुंटीवर लटकलेल्या कर्नलसाहेबांच्या कोटाला त्यानं कडक सलाम ठोकला आणि दाराऐवजी खिडकीकडे चालू लागला. कर्नलसाहेब दुसऱ्या टोकाला उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला विचारलं, तुमचं काही? तर म्हणाला, मी एकदम मजेत. ट्रक चालवणं सोडलं म्हणे, कंटाळा आला म्हणून. ज्याला झोपेतही गाडी चालवता आली असती त्याला कंटाळा? आमच्याकडे येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चालताना पाहिलं. त्या म्हणतात, उपचार लगेच सुरू केले तर आहे तेवढी नजर राहील, नाहीतर तीही जाईल. पण इस्पितळ त्याला दाखल करून घेणार कशाच्या आधारावर? स्फोटाच्या दिवशी त्या आगीच्या लोळातून उघड्या डोळ्यांनी गाडी हाकत तुला बाहेर काढलं ते त्यानंच, एवढं त्यानं ओझरतं सांगितलं, पण त्याच्या डोळ्यांचं काय झालं त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. गाडीत त्याच्या शेजारी तू होतास. तुमच्या तुकडीतले आता तुम्ही दोघेच उरलात, त्यामुळे त्याच्यासाठी बोलणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. सोमवारी सकाळी ये. कचेरीतली कर्कश बेल काढून ठेवली आहे, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची मांडली आहे, आणि तुझ्या उजव्या बाजूला मी बसेन. लंबूलाही मी सोमवारचंच बोलावलंय. त्याला सांगितलंय की तुझ्या कानांचं थोडं काम राहिलंय, त्याच्याशिवाय अडलंय. बिचारा लगेच हो म्हणाला. तो तुझ्यासाठी येतोय, तू त्याच्यासाठी ये. दोघांना एकदम डॉक्टरांसमोर कसं बसवायचं ते मी बघते.

तुझीच,
तुझ्या वतीनं भांडायला कधीही तयार असलेली,
ताई