मनाम्याच्या कोर्टातली तुमची साक्ष

आबा, फार उशिरा लिहितोय, रागावू नका. लिहायचं मनात येऊन किती वर्षं गेली हे सांगायलाही लाज वाटते. आधी वाटायचं, लिहून उपयोग काय, तुम्हांला वाचता येत नव्हतं. मग वाटायचं, चुका होतील. सातवीत शाळा सुटलेला मी, ऱ्हस्व-दीर्घ अजून चाचपडत लिहितो. आता इकडे आखातात, मनाम्याच्या माहूज भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसलोय. नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी कागद घेऊन बसलो की ती दार हळूच ओढून घेतात, जणू आजोबांना ताप आहे. पेनातली शाई संपेल का, कागद पुरेल का, असली काळजी करत तास गेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी रंधा मार, मग लाकडाला नावं ठेव."

तुमची पत्रं इथून गावी यायची ती तुमच्या खोलीत राहणाऱ्या शिंप्याने, दर्जीचाचांनी लिहिलेली. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, मुलाने अभ्यास करावा. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. आई चुलीपुढे बसून ऐकायची आणि मी वाचून थांबलो की विचारायची, "आणि काय म्हणतायत?" मी कागद उलटा करून बघायचो. आणि काही नसायचं. रजेवर यायचात तेव्हाही तुम्ही कमीच बोलायचात. एकदा मात्र सुतारी पेन्सिल आणलीत, लाल, चपटी. पटाशीने तिला टोक काढलंत आणि म्हणालात, "ही घरंगळत नाही. हिने लिही." मी पाटावर वही ठेवून लिहिलं, तर तुम्ही काटकोन बघायचा गुण्या आणून ओळीखाली लावलात. "ओळ उतरली आहे." अक्षर न कळणाऱ्या माणसाला ओळ उतरलेली दिसली, याचा मला तेव्हा राग आला होता. आता प्रत्येक ओळीखाली मी तोच गुण्या मनातल्या मनात लावून बघतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. तुमचा सदरा राहिला, पटाशी राहिली, पण तुमच्या तोंडचं एक वाक्य कुठे राहिलं नाही. पुढे माझा व्हिसा आला, तेव्हा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुझे आबा तिकडे एकदा कोर्टात बोलले होते. बोललेलं सगळं लिहून घेतात म्हणे."

"काय बोलले?"

"मला कुठे सांगतायत! तिकडच्या मआमीर गावचा एक माणूस परांचीवरून पडला, त्याच्या बाजूने बोललो आणि काम गेलं, एवढंच. दुसरं मिळेल म्हणाले, नि जेवायला बसले."

ते माझ्या डोक्यात बसलं. तुम्ही बोललात आणि कोणीतरी ते लिहून घेतलं. दर्जीचाचांचं नव्हे, तुमचं.

ऐंशीच्या दशकात मी मनाम्याला गोदामात कामाला होतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात गेलो. जिन्यातच खिसा चाचपला. आयडी कार्ड मागतील, ठेवून घेतील, मग काय करायचं? खिडकीवरचा कारकून चहा पीत होता. मी तुमचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. त्याने जाड रजिस्टरं उघडली, बोट फिरवलं, मान हलवली. "मफी." म्हणजे नाही. मी पुन्हा गेलो. पुन्हा मफी. तिसऱ्या खेपेला त्यानेच चष्म्यावरून बघत विचारलं, "सदीक, दोस्त, तेरे बाप ने केस किया, या बाप पे केस हुआ?"

"नहीं, बाप ने गवाही दिया."

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. "गवाह के नाम का फाइल नहीं होता! जिसका झगडा, उसका नाम. किसका झगडा था?"

मला कुठे माहीत होतं! इतके दिवस मी तुम्हांला तुमच्या नावाखाली शोधत होतो आणि तुम्ही दुसऱ्याच्या झगड्यात उभे होतात.

शुक्रवारी मआमीरला गेलो. कारखान्यांचा वास गावापर्यंत येत होता. परांचीवरून पडलेला, पायाने अधू असलेला माणूस म्हणून विचारत फिरलो. पोरं हसली, एका म्हाताऱ्याने घर दाखवलं. तो दारातच बसला होता, काठी मांडीवर आडवी. मी तुमचं नाव घेतलं तसा उठायला लागला, उठता येईना, तर माझा हात धरून मलाच खाली बसवलं. कॉफी आली, खजूर आले. मुंबईचा माल उतरवून उतरवून हिंदी शिकलेला माणूस. "हिंदी नज्जार! तेरा बाप!" हिंदी सुतार, असं ते तुम्हांला म्हणायचे. मी खिशातून कागद काढला आणि घाईघाईत विचारलं, "चाचा, आपका आडनाव क्या?" त्याला कळेना. "पूरा नाम, पूरा!" त्याने स्वतःचं, बापाचं, आजोबाचं नाव सांगितलं. "इसके आगे?" मी विचारलं. "इसके आगे परदादा. लिखेगा? इंशाल्ला शाम तक आदम तक पहुँचेगा." आतून बायकांचं हसू ऐकू आलं. मग तो म्हणाला, "तेरा बाप कम बोलता था. तू बहुत बोलता." साक्षीच्या दिवशी तो हॉस्पिटलात होता. तुम्ही काय बोललात हे त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. दावा जिंकला, एवढंच त्याला माहीत.

फाइलची नक्कल ज्याचा दावा त्यालाच मिळते, म्हणून तो काठी टेकत माझ्याबरोबर आला. त्याच्या तीन पिढ्यांच्या नावाखाली फाइल सापडली. मग अर्ज, मग दुसऱ्या खिडकीवर तिकीट, मग "बुक्रा". म्हणजे उद्या. उद्याचं परवा झालं. माझा जीव टांगणीला. फाइल हरवली तर, शाई उडालेली असली तर, मधलं पानच नसलं तर! तो मात्र बाकावर बसून मला म्हणायचा, "यल्ला, बैठ. दीवार को क्या देखता है?"

नक्कल हातात आली ती अरबीत. मी पानावर बघतोय, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या ओळी, त्यात तुम्ही कुठे आहात ते कळत नाही. तो पान डोळ्यांपासून लांब धरतो, एकेक शब्द लावतो आणि मला हिंदीत सांगतो. साक्षीदार सुतार. हिंदुस्थानी. विवाहित. मुलगा एक. आबा, तुम्ही मला तिथे नेलं होतंत.

मग विचारलंय, तुझं काम शेडच्या आत, तू परांचीपाशी कसा? तुम्ही सांगितलंय, सकाळी मुकादमाने घरचं पत्र दिलं. मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलेलं. मला वाचता येत नाही. एक सोबती वाचतो, तो शिंपी, त्या दिवशी परांचीच्या बाजूला कामगारांच्या कपड्यांची मापं घ्यायला आला होता. संध्याकाळपर्यंत थांबवेना, म्हणून पत्र घेऊन तिकडे गेलो. तेव्हा फळी मोडताना पाहिली. फळी आधीच तडकलेली होती, मी सुतार आहे, मला कळतं.

मआमीरचा तो माणूस वाचायचा थांबला. चष्मा काढून अंगातल्या लांब कंदुऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "तेरा खत था," म्हणाला. मी पान उलटून बघितलं आणि त्याला परत दिलं.

पुढे कंत्राटदाराच्या वकिलाने विचारलंय, त्या पत्रात असं काय होतं की हातातलं काम टाकून गेलास? खाली लिहिलंय, साक्षीदार म्हणाला, ते घरचं आहे, इथे सांगणार नाही. कोर्टाने आग्रह धरला नाही. त्याखाली, साक्षीदाराचा अंगठा. नकलेत अंगठा नसतो, नुसता शब्द असतो. मी कारकुनाला हात जोडले. त्याने इकडेतिकडे बघून मूळ फाइल काचेखालून माझ्याकडे फिरवली. जांभळा ठसा, जरा तिरका, मधून कापल्याची खूण. पटाशीने कापलेलं बोट. तेच माझ्या हनुवटीला धरून तुम्ही मान वर करायचात. मी काचेवर हात ठेवला. "खलास?" त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, खलास.

दर्जीचाचा तोवर कायमचे परत गेले होते, त्यांचं गाव मला कोणी सांगू शकलं नाही. मआमीरचा तोही गेला. नक्कल माझ्या ट्रंकेत आहे, घड्यांवर फाटत चाललीय. ट्रंक कोणी उघडली की माझा जीव वरखाली होतो. हे पत्रही तिच्यातच ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार?

आबा, एक गोष्ट आईलाही सांगितली नव्हती. त्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. चपट्या पेन्सिलीने लिहिलं, पाटावर बसून लिहिलं, आईने वर दिवा धरला होता, एवढं दिसतं. शब्द एकही दिसत नाही. तुम्ही भर कोर्टात ते कोणाला सांगितलं नाहीत. मला सांगा. तुम्हांला ते कोणी वाचून दाखवलं का, त्या गडबडीत राहून तर गेलं नाही ना? ओळी सरळ होत्या का? स्वप्नात या, नाहीतर कोणाच्या तोंडून कळवा, पण लवकर कळवा. आता मला फार थांबवत नाही.